टायर घरपोच, बसवणार कोण?

यामाहा एफझीचा मागचा टायर सोलापुरात मागायला गेलं की दुकानदार आधी गाडीकडे बघतो, मग आपल्याकडे, आणि विचारतो, "रेडियलच पाहिजे का?" स्प्लेंडर, शाईन, पल्सरवाल्यांच्या वाट्याला हा प्रश्न येत नाही. त्यांचे टायर दुकानाच्या दारातच एकावर एक रचलेले असतात; साइज सांगायच्या आत पोरगा उचलून आणतो. माझी गाडी २०१७ ची एफझी-एस एफआय. कंपनीनं पुढं दिलाय १००/८०-१७, साधा, आणि मागं १४०/६० आर १७, म्हणजे रेडियल. ह्या एका 'आर'पायी मी ऑनलाइनच्या नादाला लागलो.

रोजचा रस्ता जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी. जुना पुणे नाका ओलांडला की बाळे, केगाव, पाकणी, सगळा सरळसोट हायवे. अशा रस्त्यावर मागचा टायर गोल राहत नाही, मधून चपटा होत जातो. कडेची नक्षी कोरी करकरीत आणि मधली पट्टी गुळगुळीत. लोक कडेची नक्षी बघून 'अजून वर्षभर जाईल की' म्हणतात. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत 'टीडब्ल्यूआय' छापलेलं असतं, किंवा एक छोटा त्रिकोण. तिथून सरळ वर, नक्षीच्या खाचेत बघायचं. खाचेच्या तळाशी रबराचा एक बारका उंबरठा असतो. नक्षी झिजून त्या उंबरठ्याला टेकली की टायर संपला, कडेला कितीही माल दिसू दे. माझा टेकला होता. शिवाय पंक्चरच्या स्ट्रिपा ठिकठिकाणी. परतीच्या पावसात आसरा चौकात ब्रेक दाबल्यावर मागचं चाक बाजूला सरकायला लागलं, तेव्हा बोनस आला की आधी टायर, मग बाकीचं, असं घरी सांगून टाकलं.

कंपनीत डबा खाताना विषय निघाला. एक दोस्त म्हणाला, "ऑनलाइन बघ की बे, चार-पाचशे वाचतेत." दुसरा म्हणाला, "मागवशील बे, बसवणार कोण? सासरा येऊ लालाय काय तुझा?" सगळे हसले. पण खरी गोम त्या दुसऱ्याच्या प्रश्नात होती.

आधी गावातली दुकानं बघितली. मार्केट यार्डाच्या बाजूला एका ठिकाणी विचारलं. मालकानं वर टांगलेला एक रेडियल काठीनं खाली काढला. धूळ इतकी, की कंपनीचं नाव वाचायला फडकं मारावं लागलं. तारीख बघितली तर ४५२१. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. ४५२१ म्हणजे २०२१ चा पंचेचाळिसावा आठवडा, नोव्हेंबर. मी ते दाखवल्यावर मालक शांतपणे म्हणाले, "कोण विचारतंय ओ ह्या साइजला? एक आणला, तो तसाच बसला." माणूस खोटं बोलला नाही, हे आवडलं. टायर घेतला नाही.

ताज्या मालाचं गणित तिथंच कळलं. जो टायर जास्त खपतो तो दुकानात ताजा असतो. शाईनचा ८०/१००-१८ महिनाभरही दुकानात टिकत नाही, म्हणून तो कधीही घ्या, तारीख अलीकडचीच निघेल. आपण शेंगा चटणी घेताना कधी कुटली विचारतो, तसं टायरला विचारायची सवय लोकांना नाही, आणि स्प्लेंडरवाल्याला ती लागतही नाही. न खपणाऱ्या साइजला मात्र लागतेच.

दुसऱ्या दुकानात, विजापूर रोडला, मालक तेलुगू घरातले, पांढऱ्या मिशांचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणायला लागलो. त्यांच्याकडे १४०/६०-१७ होता, पण बायस. म्हणाले, "सर, हा घाला. दोन हजार नऊशे, फिटिंगसकट. निम्मं सोलापूर हाच घालतंय. रेडियल पाहिजे तर पुण्याहून मागवावा लागेल, चार हजार शंभर." फरक बाराशेचा. मोह झालाच.

बायस आणि रेडियल हा फरक बाहेरून दिसत नाही, तो आतल्या धाग्यांचा आहे. बायस टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. म्हणून त्याची कड टणक असते, खड्डा आणि ओझं बरं सोसतो, आणि स्वस्त पडतो. रेडियलमध्ये धागे एका बीडपासून (म्हणजे रिमवर बसणाऱ्या आतल्या कडेपासून) दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, वेगळे पट्टे असतात. कड लवचीक, वरचा भाग घट्ट. धागे एकमेकांवर कमी घासतात, त्यामुळे लांब पळवला तरी तापतो कमी. पुण्यामुंबईच्या माणसाला ह्या शेवटच्या मुद्द्याचं एवढं काही वाटणार नाही. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी सेकंड शिफ्टला केगावच्या पुढं गाडी चालवणाऱ्याला वाटतं. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत डांबर बुटाला चिकटतं, त्यावर टायर अर्धा तास पळतो. कंपनीनं मागं रेडियल दिलाय तर काहीतरी विचार करूनच दिला असणार. अण्णांचं म्हणणं चूक नव्हतं, गावात फिरणाऱ्याला बायस चालून जातो. मला तो नको होता, एवढंच.

मग रात्री मोबाइल घेऊन बसलो.

ऑनलाइन टायर शोधणं म्हणजे आधी कचरा निवडणं. गाडीचं नाव टाकलं तर सीट कव्हर येतं, टायरला लावायची रंगीत पट्टी येते, ट्यूब येते. गाडीचं नाव सोडा, साइज टाका, तीही पूर्ण. १४०/६० आर १७. तरी निकालात १४०/७० घुसतोच. तो दिसायला भारदस्त, लोक घालतातही, पण उंची बदलते, चेनगार्डला घासतो का ते बघावं लागतं. त्यानंतर बघायचं ते साइजच्या पुढचं. माझ्या जुन्या टायरवर ६३पी होतं. ६३ हा भाराचा आकडा, म्हणजे टायर २७२ किलो पेलतो. 'पी' हे वेगाचं अक्षर, ताशी १५० पर्यंत. नवा घेताना ह्याहून कमी घ्यायचा नाही, जास्त चालेल. 'एच' असेल तर २१० पर्यंतचा. माझ्या एफझीला २१० स्वप्नातही दिसणार नाही, पण अडचण काही नाही. 'टीएल' म्हणजे ट्यूबलेस. माझ्या अलॉय रिमला तोच लागतो.

ह्यात ऑनलाइनची एक गोष्ट मला मनापासून आवडली. हे सगळं शांतपणे, कोणी "लवकर बोला सर" म्हणत नसताना वाचता येतं. दुकानात उभं राहून 'भाराचा आकडा काय आहे?' असं विचारलं की पोरगं आपल्याकडे आरटीओचा माणूस आल्यासारखं बघतं. आणि निवडही खरी आहे. सोलापुरात दोन-तीन ब्रँडांपुढं गाडी जात नाही. ऑनलाइन एमआरएफ, सिएट, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप, मिशेलिन, सगळ्यांचे पर्याय एका पडद्यावर.

जे दिसत नाही ते म्हणजे तारीख. एकाही विक्रेत्यानं ती लिहिली नव्हती. फोटो कंपनीच्या कॅटलॉगातला, सगळ्यांकडे तोच, चकाचक. मी प्रश्न टाकला, 'मॅन्युफॅक्चरिंग कधीचं?' उत्तर आलं, 'फ्रेश स्टॉक सर.' पुन्हा विचारलं, 'आठवडा-साल सांगा.' पुन्हा तेच, 'फ्रेश स्टॉक सर.' यंत्र बोलत होतं की माणूस, कळलं नाही. किंमत ३,४५०, घरपोच. अण्णांपेक्षा साडेसहाशे कमी. परत घेण्याचा नियम वाचला. 'बसवलेला टायर परत घेतला जाणार नाही' असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे न बसवता परत जाऊ शकतो. तेवढ्या आधारावर ऑर्डर टाकली.

टायर आला तो कुरिअरच्या पोराच्या स्कूटरवर, पायांच्या मध्ये उभा करून. खोका वगैरे नाही. निळ्या प्लास्टिकच्या पट्टीनं गुंडाळलेला, पट्टी दोन ठिकाणी फाटलेली, वर पत्त्याचा कागद. बायको म्हणाली, हे आत आणायचं नाही. पोर्चमध्येच पट्टी सोडवली. नव्या टायरचा तो उग्र वास, आणि रबराचे बारीक केस अंगभर. साच्यातून हवा निघायला जी भोकं असतात त्यांत रबर शिरून हे केस तयार होतात. ते दिसले की माणसाला टायर नवा वाटतो. पण केस तीन वर्षांनीही तसेच राहतात, गाडीला लावल्याशिवाय झिजत नाहीत. त्यावर जाऊ नये.

तारीख एकाच बाजूला असते, आणि ती नेमकी खालच्या बाजूला येते. टायर उलटा केला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. ३१२२. ऑगस्ट २०२२. माझ्या हातात टायर आला ऑक्टोबर २०२५ मध्ये.

आता न वापरलेला तीन वर्षांचा टायर लगेच फेकून द्यायचा असतो असं नाही. थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी नीट ठेवलेला असेल तर चालतो. टायर कंपन्याही साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि बनवल्यापासून दहा वर्षांनी काहीही दिसलं तरी बदला, असं सांगतात. पण हा टायर कुठल्या गोडाऊनमध्ये, कुठल्या पत्र्याखाली तीन उन्हाळे काढून आला, हे मला कोण सांगणार? ऊन आणि हवेतला ओझोन रबराला हळूहळू कडक करतात. मी अंगठ्याच्या नखानं दाबून बघितलं, ठीक वाटला. पण पैसे ताज्या टायरचे मोजायचे आणि तीन वर्षं आधीच गेलेली, हे मनाला पटेना. मला हा टायर निदान तीन-चार वर्षं वापरायचा होता. म्हणजे शेवटी शेवटी मी सात वर्षांच्या रबरावर, मुलीला मागं बसवून, तुळजापूरला जाणार.

परत पाठवायचं बटण दाबलं. कारणांच्या यादीत 'तारीख जुनी' हा पर्यायच नाही. 'वर्णनाप्रमाणे नाही' निवडलं, आकड्यांचा फोटो जोडला. पिकअपवाला पहिल्या वेळी आला आणि टायर बघून म्हणाला, "साहेब, मूळ पॅकिंग पाहिजे." मूळ पॅकिंग म्हणजे ती फाटकी पट्टी. फेकली नव्हती म्हणून बरं. पुन्हा गुंडाळली, सेलोटेप मारली. पैसे परत आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेवढे दिवस मी गुळगुळीत टायरवर चिंचोळीला जातच होतो, आणि ती जोखीम कुठल्याच बिलात दिसत नाही.

ह्याच सुमारास शिफ्टमधल्या एकाचा किस्सा कळला. त्यानंही ऑनलाइनच घेतलेला टायर, काही महिन्यांत कडेला फुगवटा आला. आतले धागे तुटले की कडेला असा फोड येतो, आणि तो टायर मग एक दिवसही वापरू नये. वॉरंटी होती. पण विक्रेता म्हणाला कंपनीकडे जा. कंपनीच्या गावातल्या डीलरकडे गेला तर डीलर म्हणाला, ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे जा. बरेच फोन झाल्यावर कंपनीचा माणूस टायर बघायला आला आणि खड्ड्यात आपटल्यानं झालंय म्हणाला, म्हणजे बनवण्यातला दोष नाही, म्हणजे क्लेम नाही. हे दुकानातून घेतला असता तरी कदाचित असंच झालं असतं. क्लेम मंजूर झाला तरी पूर्ण पैसे मिळत नाहीत, नक्षी जितकी उरली त्या हिशेबात मिळतात. फरक एवढाच, की दुकानातून घेतला असता तर मधली टोलवाटोलवी दुकानदारानं सोसली असती. निदान त्याच्या दारात जाऊन उभं राहता आलं असतं.

तर पुन्हा अण्णांच्या दारात. गाडी स्टँडला लावायच्या आत ते बाहेर आले, मागच्या चाकाकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "काय सर, अजून ह्याच टायरवर फिरू लालाव? लई धीर आहे तुमच्याकडं."

मी सरळ सांगितलं. ऑनलाइन मागवला होता, इतक्याला, तारीख अशी निघाली, परत केला. मला वाटलं राग येईल. उलट ते खुर्ची पुढं ओढून बसले. म्हणाले, "बरं केलं परत केला ते. आणला असता तरी बसवून दिला असता, दोनशे घेतले असते, व्हॉल्वचे साठ. पण हवा उतरली की तुम्ही माझ्याकडंच येणार, आणि टायर माझा नाही. मग मी काय बोलू?" त्या दोस्ताच्या 'बसवणार कोण'चं उत्तर असं मिळालं. कोणीही बसवतं, दोनशे रुपयांत. बसवल्यावर हवा उतरली तर दोष टायरचा, रिमचा की बसवणाऱ्याचा, हा प्रश्न येतो, आणि तिथं टायर विकणारा आणि बसवणारा एकच असला तर भांडण लवकर मिटतं.

भाव ठरवताना ऑनलाइनचा अभ्यास कामाला आला. त्यांनी सांगितलेले ४,१०० जुन्या लिस्टवरचे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ४,१०० मधला मूळ भाव साधारण ३,२०३, त्यावर १८ टक्के धरले तर ३,७८०. मोबाइलवर हिशेब करून दाखवला. अण्णा हसले, लिस्टची पानं उलटली आणि म्हणाले, "लिस्ट जुनी हाय ओ, रेट नवाच लावणार होतो." लावणार होते की नाही देव जाणे. शेवटी ३,७५० ला ठरलं. फिटिंग, व्हॉल्व, चेनचं ॲडजस्टमेंट सगळं त्यात. जुना टायर त्यांच्याकडे.

बिलाचा विषय मात्र मला काढावा लागला. आधी फिरलेल्या एका दुकानात "पक्कं बिल पाहिजे तर वर टॅक्स लागेल" असं ऐकलं होतं, जणू टॅक्स ही आपली हौस. ऑनलाइनला बिल न मागता येतं, हा त्यांचा मोठा गुण. वॉरंटीला बिलच लागतं, कच्च्या चिठ्ठीवर 'टायर १ नग' लिहिलेलं कोणी विचारत नाही. अण्णांनी कुरकुर न करता पक्कं बिल फाडायचं कबूल केलं. मी त्यावर टायरचा नंबरही लिहून द्या म्हणालो. आणि एक अट घातली: तारीख २०२५ ची नसेल तर घेणार नाही. त्यांनी तिथंच पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरला फोन लावला, तेलुगूत काहीतरी बोलले, मध्ये 'डेट, डेट' ऐकू आलं. तिकडच्यानं गोडाऊनमध्ये जाऊन फोटो पाठवला. २८२५. जुलै. मला ऑनलाइनवाल्यानं इतक्या वेळा विचारूनही जे सांगितलं नाही ते फोनवर दोन मिनिटांत आलं. असा फोन लावणारा माणूस मध्ये असणं, ह्याचेच दुकानात दोन पैसे जास्त पडतात म्हटलं तरी चालेल.

टायर ट्रान्सपोर्टनं आला. शनिवारी हाफ डे होता, थेट दुकानात गेलो.

फिटिंग उभं राहून बघावं. चहाला जाऊ नये. पोरगा वीस-बावीसचा, हात काळे, पण घाई नाही. चाक काढलं, जुन्या टायरची हवा सोडली, व्हॉल्वची पिन काढली आणि रिम जमिनीवर न ठेवता एका जुन्या टायरवर आडवी ठेवली, अलॉयला ओरखडा येऊ नये म्हणून. यंत्राच्या फाळ्यानं बीड दाबून सुटा केला. मग दोन टॉम्या, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या. टॉमी आणि रिमच्या मध्ये त्यानं ट्यूबचे कापलेले तुकडे घातले. ज्या दुकानात हे तुकडे नसतात तिथून अलॉयची कड खाऊन येते. टायर निघाल्यावर रिमची आतली बाजू दिसली: जिथं बीड बसतो तिथं पांढरी भुकटी धरलेली, एका जागी जुन्या स्ट्रिपचा चिकटा. त्यानं तारेच्या ब्रशनं ती कड पूर्ण घासली, फडक्यानं पुसली. ट्यूबलेसमध्ये हवा फक्त ह्या कडेवर अडते. ती भुकटी तशीच राहिली तर टायर नवा असूनही रोज थोडी हवा उतरते, आणि मग आपण टायरला नावं ठेवतो.

जुना व्हॉल्व कापून टाकला. त्याच्या मुळाशी रबराला भेगा पडलेल्या, वाकवून दाखवल्या त्यानं. नवा ओढून बसवला. नव्या टायरच्या कडेला पिवळा ठिपका होता. पिवळा ठिपका म्हणजे टायरची सगळ्यात हलकी जागा. ती व्हॉल्वसमोर ठेवायची, कारण व्हॉल्वचं वजन तिथं असतं. पोरानं साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला आणि टायर चढवायला उचलला, तेवढ्यात अण्णा काउंटरवरून ओरडले, "पैले तीर देख बे!" टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. उलटा बसला तर पावसात पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी नक्षी ते आत ओढते. पोरगा म्हणाला, "देखा अण्णा, देखा." खरंच बघितलं होतं.

मग हवा. पिन न घालता कॉम्प्रेसरची नळी धरली, टायर फुगत गेला आणि 'ठप्प' आवाज करून एक बाजू बसली, पाठोपाठ दुसरी. टायरवर रिमच्या कडेला समांतर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडून सारख्या अंतरावर दिसते का, हे चाक फिरवून त्यानं बघितलं. कुठं आत-बाहेर असेल तर बीड नीट बसलेला नसतो, हवा सोडून पुन्हा फुगवायचा. मग पिन घातली आणि सवयीनं चाळीसचा आकडा दाबला. पुढचं, मागचं, एकटा, दुकटा, सगळ्यांना चाळीस, ही सोलापुरातल्या हवेची रीत. जास्त हवेनं टायर मधूनच झिजतो, माझ्या जुन्या टायरचं तेच झालं असणार, सरळ हायवेचा वाटा धरूनसुद्धा. मी गाडीच्या पुस्तकातला आकडा सांगितला. त्यानं मुकाट्यानं कमी केला. कडेला आणि व्हॉल्वला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत. चेन लावताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या केल्या.

पैसे देताना अण्णा म्हणाले, "शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवा, सर. नवा टायर घसरतो." साच्यातून टायर सुटावा म्हणून जो पदार्थ लावतात त्याचा थर वर असतो, तो झिजेपर्यंत वळणात आणि ब्रेकला जपावं लागतं. चिंचोळीची फेरी तशी सरळच, तरी विजापूर नाक्याला वळताना पाय आपोआप जमिनीकडे गेला.

हिशेब मांडला तर गंमत वाटते. ऑनलाइनचा टायर ३,४५०, बसवणावळ दोनशे, व्हॉल्व साठ, एकूण ३,७१०. अण्णांचा ३,७५०. साडेसहाशेची बचत चाळीस रुपयांवर आली, आणि त्या चाळिसात तीन वर्षं ताजं रबर.

म्हणून ऑनलाइन वाईट, असं मी कोणाला सांगत नाही. मेव्हण्याकडे हिमालयन ४११ आहे, त्याचा पुढचा ९०/९०-२१. एकवीस इंची टायर मला गावात कुठल्याच दुकानात टांगलेला दिसला नाही, आणि त्याला ऑफरोडची जाड नक्षी पाहिजे होती. त्यानं ऑनलाइन मागवला, ताजा निघाला, अण्णांनीच दोनशे रुपयांत बसवला. हिमालयनला स्पोकची रिम, त्यामुळे ट्यूब वेगळी घ्यावी लागली. ती मात्र दुकानातूनच घेतली, कारण ट्यूबची साइज चुकली तर आत घडी पडते आणि तिथंच फाटते. काही टायर कंपन्यांनी आपल्याच साइटवर पैसे भरून घ्यायची आणि फिटिंग जवळच्या डीलरकडे करायची सोय ठेवलीय. ही पद्धत सगळ्यात बरी वाटते, बिल पक्कं, जबाबदारीही एकाच माणसाची. मी बघितलं तेव्हा ४१३ नं सुरू होणारा पिन कोड टाकल्यावर माझ्या साइजला 'उपलब्ध नाही' आलं. पुण्याचा टाकला तर आलं. सोलापूर ह्या बाबतीत अजून वेटिंगवर आहे.

माझ्या पुढच्या टायरला अजून माल आहे, पण तो २०२० चा आहे आणि कडेला केसासारख्या भेगा दिसायला लागल्यात, हँडल वळवून उन्हात धरलं की दिसतात. १००/८०-१७ हा साधा बायस, कुठंही मिळणारा. त्यासाठी मोबाइल उघडणार नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "मार्चला या. मार्च एंडला कंपनीची काहीतरी स्कीम येते, तवा बघू." तोपर्यंत दर रविवारी हवा तपासतो, घरच्या गेजनं. पोराच्या चाळीसवर माझा अजून विश्वास बसत नाही.